‘ऑनेस्ट’ इयागो आणि ‘प्रामाणिक’ लेखक

१

मराठी ग्रंथपरीक्षणांत एक विशेषण असे आहे की, त्याच्याविषयी कोणी कधी खुलासा मागत नाही. ‘प्रामाणिक अनुभव’, ‘प्रामाणिक आविष्कार’, ‘प्रामाणिक निवेदन’, ‘लेखकाचा प्रामाणिकपणा पानोपानी जाणवतो’ ही वाक्ये परीक्षणाच्या अखेरीस येतात आणि त्यांच्या आधाराने परीक्षक निर्णयाच्या जबाबदारीतून मोकळा होतो. ‘प्रतिभावान’ म्हटले तर पुरावा द्यावा लागतो. ‘प्रयोगशील’ म्हटले तर प्रयोग कोणता ते सांगावे लागते. ‘प्रामाणिक’ म्हटले की काहीच सांगावे लागत नाही. लेखकही दुखावत नाही, कारण प्रामाणिक म्हटल्याबद्दल तक्रार तरी कशी करायची?

हे विशेषण निरुपद्रवी आहे, हा समजच तपासून पाहिला पाहिजे. ते कोणाला लावले जाते आणि कोणाला लावले जात नाही, हे पाहू लागताच त्याचा निरुपद्रवीपणा संपतो. १९७२ साली जी. ए. कुलकर्णी यांचा ‘काजळमाया’ हा कथासंग्रह आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह, अशी दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिल्याची चर्चा प्रतीक, नियती, रूपककथा, रचना या संज्ञांनी होत आली आहे. ‘काजळमाया’ हे ‘प्रामाणिक’ पुस्तक आहे असे म्हणण्याची गरज कोणाला भासली नाही आणि तसे कोणी म्हटलेच तर ते हास्यास्पद ठरेल. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र दाहकता, अस्सलता आणि प्रामाणिकपणा या संज्ञा भरभरून आल्या. त्या कवितेतील प्रतिमांची जुळणी, कामाठीपुऱ्याच्या बोलीचा संस्कृतप्रचुर शब्दांशी घडवून आणलेला संकर, ओळीची लांबी व तिचा श्वास यांची चर्चा त्या मानाने थोडकी झाली. एकाच वर्षीच्या दोन पुस्तकांसाठी समीक्षेने दोन वेगळी मापे का वापरावीत, या प्रश्नाचे उत्तर ‘प्रामाणिक’ या शब्दाच्या घडणीत सापडते. आणि ती घडण समजून घेण्यासाठी एका अगदी साध्या इंग्रजी शब्दाचा इतिहास उपयोगी पडतो. तो शब्द म्हणजे ‘ऑनेस्ट’.

२

‘ऑनेस्ट’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे आला. त्याचे मूळ लॅटिन ‘ऑनेस्टुस’ हे असून त्याचा संबंध मान, प्रतिष्ठा या अर्थाच्या ‘ऑनोस’ या शब्दाशी आहे. म्हणजे आरंभी हा शब्द खरेपणाविषयी बोलतच नव्हता. तो प्रतिष्ठेविषयी बोलत होता. समाजात ज्याला मान आहे आणि जो त्या मानास पात्र आहे, तो ‘ऑनेस्ट’. खोटे न बोलणारा, चोरी न करणारा, दिला शब्द पाळणारा हा अर्थ पुढे रूढ होत गेला. स्त्रीच्या बाबतीत हाच शब्द शीलाचा वाचक झाला. एखाद्या स्त्रीला ‘ऑनेस्ट’ करणे म्हणजे तिच्याशी लग्न करणे, हा वाक्प्रचार त्याच अर्थाचा अवशेष आहे.

आजच्या इंग्रजीतही हा शब्द एकरूप नाही. ‘ऑनेस्ट मिस्टेक’ म्हणजे अनवधानाने झालेली चूक. ‘ऑनेस्ट लिव्हिंग’ म्हणजे कष्टाची भाकरी. १८७८ च्या बर्लिन परिषदेच्या वेळी बिस्मार्कने स्वतःला ‘ऑनेस्ट ब्रोकर’ म्हणवून घेतले, तेव्हा त्याला निःपक्षपाती मध्यस्थ असे म्हणायचे होते. ‘ऑनेस्टली!’ हा उद्गार तर केवळ वैताग व्यक्त करतो. मराठीत या प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द येतो आणि तो यावाच. ‘प्रामाणिक चूक’ हा अलीकडे कानावर पडणारा प्रयोग मराठीच्या अंगाला चिकटलेला नाही. ‘प्रामाणिकपणे सांगायचे तर’ ही वाक्यारंभाची लकबही इंग्रजीच्या वळणावरून आलेली आहे. मराठी माणूस ‘खरे सांगायचे तर’ असे म्हणत आला आहे.

या शब्दाच्या अर्थांचे सर्वांत सूक्ष्म विवेचन विल्यम एम्पसन याने ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’ (१९५१) या ग्रंथात केले. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या नाटकात ‘ऑनेस्ट’ व ‘ऑनेस्टी’ हे शब्द मिळून बावन्न वेळा येतात, या गोष्टीने तो चक्रावून गेला होता. इतक्या वेळा येणारा शब्द केवळ उपरोधासाठी आलेला असू शकत नाही. दुष्ट इयागोला सगळेजण ‘ऑनेस्ट’ म्हणतात ही विसंगती प्रेक्षकाच्या लक्षात यायला तीन-चार उल्लेख पुरले असते. एम्पसनने दाखवून दिले ते असे की, शेक्सपिअरच्या काळी हा शब्द स्थित्यंतरातून जात होता. त्याच्यात प्रतिष्ठेचा जुना अर्थ, खरेपणाचा नवा अर्थ, दिलखुलास सोबती हा बैठकीतला अर्थ आणि वरच्याने खालच्याला उद्देशून वापरायचा कौतुकाचा अर्थ एकाच वेळी नांदत होते. या शेवटच्या अर्थाला एक बोचरी कड होती. मालकाने नोकराला, अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसाला ‘ऑनेस्ट’ म्हणावे. उलट दिशेने हा शब्द सहसा जात नसे. त्यात सामाजिक अपमानाची एक पुसट छटा होती आणि ‘थोडा भोळाच आहे’ अशी सूचनाही होती.

नाटक या प्रकाशात वाचले की इयागोचे वागणे वेगळे दिसू लागते. पहिल्याच प्रवेशात तो धन्याच्या दारी आयुष्य झिजवणाऱ्या इमानी सेवकांची टर उडवतो आणि असल्यांना चाबकाने फोडले पाहिजे असे म्हणतो. तेथे त्याने त्या सेवकांना लावलेले विशेषण ‘ऑनेस्ट’ हेच आहे. म्हणजे हा शब्द कोणासाठी राखून ठेवलेला आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे. कॅसियो लेफ्टनंट होतो आणि इयागो ध्वजधारीच राहतो. बढती एकाला मिळते, विशेषण दुसऱ्याला मिळते. पुढे कॅसियो जाळ्यात सापडल्यावर स्वगतात इयागो त्याचा उल्लेख ‘ऑनेस्ट’ मूर्ख असा करतो. जो शब्द आपल्याला खाली ठेवण्यासाठी वापरला गेला, तोच वापरून तो कॅसियोला खाली ढकलतो. इयागोची दुष्टता यामुळे क्षम्य ठरत नाही. परंतु त्याच्याभोवतीच्या भल्या माणसांची भाषा निर्मळ नव्हती, एवढे कळून येते.

नाटकाचा पेच या एका शब्दावर कसा उभा आहे हे तिसऱ्या अंकात दिसते. डेस्डेमोना ‘ऑनेस्ट’ आहे की नाही आणि इयागो ‘ऑनेस्ट’ आहे की नाही, हे ऑथेल्लोच्या दृष्टीने एकमेकांविरुद्धचे दोन पर्याय होऊन बसतात. दोघांनाही एकच विशेषण लागते म्हणूनच तराजू तयार होतो. एका पारड्यात पत्नीचे शील आणि दुसऱ्यात हाताखालच्या माणसाचे इमान. मराठी अनुवादकाची अडचण नेमकी येथे सुरू होते. १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी केलेले या नाटकाचे भाषांतर, १८९० चे गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’, पुढे वि. वा. शिरवाडकरांनी केलेले रूपांतर अशी या नाटकाची मराठीत मोठी परंपरा आहे. पण अनुवादक कितीही समर्थ असला तरी डेस्डेमोनेसाठी ‘पतिव्रता’, ‘शीलवती’ आणि इयागोसाठी ‘इमानी’, ‘नेक’, ‘सच्चा’ असे वेगवेगळे शब्द घेणे त्याला भाग पडते. मराठीत ते तराजूचे दांडे जोडणारा एक शब्द नाही. हा मराठीचा दोष नव्हे. मराठीने इमान आणि शील यांची खाती वेगळी ठेवली, इतकेच.

३

आता ‘प्रामाणिक’ या शब्दाकडे वळता येईल. तो ‘प्रमाण’पासून साधला आहे आणि ‘प्रमाण’ हा ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून. संस्कृतात प्रामाणिक म्हणजे प्रमाणावर आधारलेला, प्रमाणसिद्ध. हिंदीने हा अर्थ आजही सांभाळला आहे. हिंदीत ग्रंथाची प्रत ‘प्रामाणिक’ असते आणि माणूस ‘ईमानदार’ असतो. मराठीत मात्र सापडलेले पैशांचे पाकीट परत करणारा रिक्षाचालक प्रामाणिक असतो. ग्रंथाच्या प्रतीला ‘अधिकृत’ किंवा ‘विश्वसनीय’ म्हणावे लागते. पुरावा, आधार, अधिकार यांचा वाचक असलेला शब्द मराठीत स्वभावगुणाचा वाचक झाला.

समीक्षेत या स्थित्यंतराचा परिणाम गंभीर झाला आहे. लायोनेल ट्रिलिंगने ‘सिन्सिॲरिटी अँड ऑथेंटिसिटी’ (१९७२) या ग्रंथात दोन वेगळ्या कल्पनांचा इतिहास मांडला: एक, मनात आहे तेच बोलणे, दुसरी, स्वतःच्या अस्तित्वाशी खरे राहणे, प्रसंगी समाजाच्या विरोधात जाऊनही. मराठी लेखनात या दोन्हींसाठी आणि ‘ऑनेस्ट’साठीही सर्रास ‘प्रामाणिक’ हाच शब्द वापरला जातो. त्यात भर म्हणजे ‘प्रमाण’चा जुना, पुराव्याचा अर्थ शब्दाच्या पोटात शिल्लक आहेच. त्यामुळे ‘हे आत्मकथन प्रामाणिक आहे’ या एका विधानात लेखक खोटे बोलत नाही, लेखकाने कळवळून लिहिले आहे, लेखकाचे लेखन अस्सल आहे आणि हे लेखन सामाजिक वास्तवाचा पुरावा आहे, अशी चार वेगळी विधाने एकत्र होतात. परीक्षकाला यांपैकी कोणते म्हणायचे आहे हे त्याने कधीच सांगितलेले नसते. त्याला चारही म्हणायची असतात आणि एकाचीही जबाबदारी घ्यायची नसते.

असा घोळ मराठीत अपरिहार्य होता असेही म्हणता येत नाही. बा. सी. मर्ढेकरांनी १९४१ मध्ये ‘वाङ्मयीन महात्मता’ या पुस्तकात लेखकाच्या खरेपणाचा प्रश्न मांडला तेव्हा त्यांनी जाणीवपूर्वक ‘आत्मनिष्ठा’ ही संज्ञा वापरली आणि तिची व्याप्ती निश्चित करण्याचा प्रयत्न केला. त्यांची भूमिका मान्य व्हावी असे नाही. तिच्यावर आक्षेपही पुष्कळ घेतले गेले. पण आक्षेप घेता आले याचे कारण संज्ञेला कडा होत्या. ‘प्रामाणिक’ला कडाच नाहीत. म्हणून त्याच्यावर आक्षेप घेता येत नाही आणि म्हणूनच तो समीक्षेची संज्ञा होऊ शकत नाही.

४

‘प्रमाण’ या शब्दाच्या कुळातील इतर शब्द पाहिले की या वाटपातील अन्याय उघड होतो. ‘प्रमाणबद्ध’ हा सौंदर्यवाचक शब्द आहे. तो रचनेसाठी वापरतात. ‘प्रमाणभाषा’ हा अधिकारवाचक शब्द आहे; शाळा, शासन व पाठ्यपुस्तके तिच्यात चालतात. ‘प्रमाणभूत’ ग्रंथ असतात. या सर्वांत ‘प्रमाण’ म्हणजे माप आहे आणि ते माप ज्याच्या हाती तो मोजणारा आहे. ‘प्रामाणिक’ या शब्दात मात्र प्रमाणाचे माप गळून पडले असून केवळ साक्ष उरली आहे. गावकुसाबाहेरच्या बोलीत लिहिलेल्या पुस्तकाला समीक्षा प्रमाणभाषेचा मान देत नाही, त्याच्या रचनेला प्रमाणबद्ध म्हणत नाही आणि मग त्याची भरपाई म्हणून त्याला ‘प्रामाणिक’ म्हणते. माप समीक्षकाकडे राहते, साक्ष तेवढी लेखकाने द्यायची. ऑथेल्लोच्या छावणीतील बढती आणि विशेषण यांची वाटणी याहून वेगळी नव्हती.

या वाटणीत प्रत्यक्ष पुस्तकांचे काय होते ते पाहावे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) हे मराठीतील दलित आत्मकथनांच्या प्रवाहाला वेग देणारे पुस्तक. त्याच्या आरंभीच निवेदकाची फाळणी केलेली आहे. शिकलेला, लिहिता दया पवार आणि त्याच्या आत दडलेला दगडू मारुती पवार यांच्या बोलण्यातून हे कथन उलगडते. जो माणूस स्वतःची गोष्ट सांगण्यासाठी स्वतःचेच दोन भाग करतो, तो ‘मनात आले तसे’ सांगत नसतो. कोणत्या ‘मी’ला बोलण्याचा अधिकार आहे, हा प्रश्न तो रचनेतून विचारत असतो. या पुस्तकाला केवळ प्रामाणिक म्हणणे म्हणजे त्याची चौकट न वाचता त्यातील मजकूर वाचणे होय. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या पुस्तकाचे शीर्षकच बहुवचनी आहे. तेथे ‘मी’ माघार घेते आणि वस्ती बोलते. व्यक्तीच्या मनाशी बांधलेली प्रामाणिकपणाची कल्पना या सामूहिक निवेदनाला लावायची तरी कशी? ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये आईचे बांबूचे विणकाम आणि लेखिकेचे लेखन यांचा धागा एकच असल्याची जाणीव शीर्षकापासून आहे. वीण हा रचनेचा शब्द आहे. लेखिका तो स्वतः पुढे ठेवते आणि परीक्षक मात्र तो बाजूला सारून तिच्या खरेपणाची ग्वाही देतो.

स्त्रियांच्या आत्मकथनांबाबत या शब्दाने इंग्रजी ‘ऑनेस्ट’चा दुसरा, शीलाचा अर्थही चोरपावलांनी आत आणला आहे. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०), सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०), माधवी देसाई यांचे ‘नाच गं घुमा’ या पुस्तकांच्या वाट्याला आलेली ‘प्रांजळ’, ‘निर्भीड’, ‘प्रामाणिक’ ही विशेषणे आठवावीत. लेखिकेने नवऱ्याविषयी खरे लिहिले का, न्याय केला का, स्वतःचे काही लपवले का, हे प्रश्न त्या विशेषणांच्या आगेमागे सतत घुटमळत राहिले. पुस्तकाचे परीक्षण चालले आहे की लेखिकेच्या वर्तनाचे, हे वाचणाऱ्याला कळू नये अशी ती भाषा आहे. मराठीने इमान आणि शील यांची वेगळी ठेवलेली खाती समीक्षेने येथे पुन्हा एक केली.

५

यावर तीन आक्षेप येऊ शकतात आणि त्यांचा विचार झाला पाहिजे.

पहिला असा की, आत्मकथन हा प्रकारच सत्याच्या हमीवर उभा आहे. तेव्हा त्याला प्रामाणिकपणाचा निकष लावणे गैर नाही. आक्षेपातील पहिला भाग बरोबर आहे. लेखक, निवेदक आणि नायक एकच आहेत असा करार वाचकाशी झालेला असतो, हे फिलिप लज्यून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये सविस्तर मांडले. परंतु करार पाळला जाणे ही त्या प्रकाराची पूर्वअट आहे, गुणवत्ता नव्हे. सुनीताला वृत्त चुकवलेले नाही म्हणून कोणी थोर म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनुभवाची अस्सलता हा निकष दलित साहित्यिकांनीच पुढे आणला. मग समीक्षकांनी तो वापरला तर बिघडले कोठे? येथे शब्द कोणाच्या तोंडी आहे हे पाहणे आवश्यक ठरते. दलित लेखकांनी अस्सलतेचा आग्रह धरला तो हक्क म्हणून. इतरांच्या सहानुभूतीतून लिहिले गेलेले दलितांविषयीचे लेखन आणि स्वतः भोगलेल्याने केलेले लेखन यांत फरक आहे, हे त्यांना ठासून सांगायचे होते. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये प्रस्थापित निकष नाकारून वेगळ्या निकषांची मागणी केली, तीही मापच बदलण्याची मागणी होती. समीक्षेने ती मागणी अर्धीच ऐकली. अस्सलता तिने मान्य केली आणि माप बदलायचे विसरली. ज्या शब्दाने लेखकाने दार उघडले, त्याच शब्दाने समीक्षकाने त्याला ओसरीवर बसवले.

तिसरा आक्षेप असा की, परीक्षणे घाईत लिहिली जातात आणि एका रूढ विशेषणावर इतका भार टाकणे बरे नव्हे. पण रूढ विशेषणेच विद्यापीठात पोचतात. दलित आत्मकथनांवरील पदव्युत्तर प्रबंधिकांचा आराखडा परिचित आहे: भूक, दारिद्र्य, जातीयता, स्त्रियांचे शोषण अशी प्रकरणे आणि शेवटी लेखकाच्या प्रामाणिकपणाचा गौरव. भाषाशैलीला एखादे प्रकरण मिळाले तर त्यात म्हणी व वाक्प्रचारांची यादी असते. अशा रीतीने एक पुस्तक साहित्य म्हणून अभ्यासक्रमात येते आणि दस्तऐवज म्हणून बाहेर पडते. ‘जिणं आमुचं’ व ‘आयदान’ यांची माया पंडित यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे २००८ मध्ये, तर ‘बलुतं’चे जेरी पिंटो यांनी केलेले भाषांतर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे आता ही पुस्तके अशा भाषेत पोचली आहेत की जेथे ‘ऑनेस्ट’ हे आत्मचरित्रांच्या मलपृष्ठावरचे सर्वांत स्वस्त विशेषण आहे. मराठी समीक्षेने या पुस्तकांच्या रचनेविषयी काही सांगून ठेवले नसेल तर तेथेही त्यांची ओळख त्याच विशेषणाने होणार.

६

‘प्रामाणिक’ हा शब्द समीक्षेतून हद्दपार करावा, असे येथे सुचवायचे नाही. तो वापरायचाच तर त्याच्या जुन्या, पूर्ण अर्थाने वापरावा. न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. त्यांतील शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. आप्त कोण? वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. खरे बोलण्याची इच्छा एवढ्याने कोणी आप्त होत नाही; त्याला वस्तूचे ज्ञान असावे लागते. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तेथेच सांगितले आहे. ज्या परंपरेचा दाखला एरवी माणसांची उतरंड लावण्यासाठी दिला जातो, त्या परंपरेतील हे वाक्य मराठी समीक्षकांनी मनावर घ्यावे असे आहे.

ऑथेल्लोने इयागोकडे डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागितला होता, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण. त्याला मिळाला एक रुमाल, आणि त्या रुमालाचा अर्थ लावणारा एका ‘ऑनेस्ट’ माणसाचा शब्द. त्या माणसाला काय ठाऊक आहे आणि ते कसे ठाऊक झाले, हे त्याने विचारले नाही. स्वभावाच्या विशेषणावर त्याने निवाडा केला. दलित आणि स्त्री लेखकांपुढे बसलेला मराठी समीक्षक अगदी उलट टोकाला असूनही तीच चूक करतो. त्याच्यासमोर खरोखरच जाणणारा माणूस बोलत असतो. आणि तो काय जाणतो, कोणत्या वाक्यरचनेतून जाणतो, हे न विचारता समीक्षक त्याच्या स्वभावाला प्रशस्तिपत्र देऊन मोकळा होतो. यापुढे ज्या परीक्षणात ‘प्रामाणिक’ हा शब्द येईल, त्यात तो कशाच्या प्रमाणावर आला, पुस्तकाच्या कोणत्या पानावरून आला, आणि जी. एं.च्या कथेला तो लावण्याचे धाडस परीक्षकाने केले असते का, एवढे तीन प्रश्न संपादकांनी विचारले तरी पुष्कळ होईल.